निषेधाची देहमुद्रा : खेळाडू, राष्ट्रगीत आणि मराठी संहिता

मराठीत 'गुडघे टेकणे' याचा अर्थ शरण जाणे. शत्रूपुढे, कर्जापुढे, आजारपणापुढे माणूस गुडघे टेकतो तेव्हा त्याच्याजवळचे सारे उपाय संपलेले असतात. नेमका हाच देहव्यापार २०१६ नंतर अमेरिकेत वर्णद्वेषाच्या निषेधाचे चिन्ह झाला, तेथून तो इंग्लंड-वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमध्ये आला आणि २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईच्या मैदानावर, पाकिस्तानविरुद्धच्या विश्वचषक सामन्याच्या प्रारंभी, भारतीय खेळाडूंनीही गुडघा टेकला. अनेकवचन टाळून 'गुडघा टेकला' असे एकवचन वापरले, तरी भाषेतला जुना अर्थ त्यामुळे पुसला जात नाही. पालघरचा शार्दूल ठाकूर त्या स्पर्धेसाठीच्या भारतीय चमूत होता. त्या दिवशीच्या अकरा जणांत तो नव्हता. पालघर-बोईसर पट्ट्यातील ज्या प्रेक्षकाने आपल्या गावच्या खेळाडूच्या ओढीने तो सामना पाहिला असेल, त्याने या चिन्हाचा अर्थ कोणत्या कोशात शोधायचा?

प्रश्न भाषांतराचा आहे, आणि म्हणून तो समीक्षेचाही आहे. शब्दांच्या, वाङ्मयप्रकारांच्या, संकल्पनांच्या स्थलांतराविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. देहमुद्रांच्या स्थलांतराविषयी मात्र तिने फारसे लिहिलेले नाही. निषेध म्हटला की आपल्याला 'आक्रोश', 'विद्रोह', 'नकार' हे शब्द आठवतात आणि या शब्दांना अनुरूप अशा कविता आठवतात. निषेध करणाऱ्या देहाचा स्वतंत्र विचार आपण करीत नाही. प्रस्तुत लेखात असे मांडायचे आहे की राष्ट्रगीताच्या क्षणी देहाने करावयाचा निषेध अमेरिकेत ज्या व्याकरणावर उभा आहे, ते व्याकरण जातिसमाजात लागू पडत नाही. आणि ते का लागू पडत नाही याचे उत्तर आपल्याच काही संहितांमध्ये आहे. त्यांपैकी दोन घटना पालघरच्या भूमीवरच्या आहेत, एक आत्मचरित्र विस्मृतीत गेलेले आहे, एक लेख गाजलेला आहे आणि एक चित्रपट आहे.

प्रथम मूळ संहिता पाहू. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीचा पदकप्रदान समारंभ झाला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी राष्ट्रगीत वाजत असता माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर उचलली. हातमोज्यांचा जोड एकच होता. स्मिथचा उजवा हात, कार्लोसचा डावा. पायांत बूट नव्हते, काळे मोजे होते. ते दारिद्र्याचे चिन्ह होते. कार्लोसच्या गळ्यातले मणी झुंडीने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्मृतीचे होते. एखाद्या कवितेतील प्रतिमाव्यवस्थेइतकी ही रचना विचारपूर्वक बांधलेली होती. लोकांनी वाचली ती मात्र मूठ, आणि तिचा अर्थ लावला 'ब्लॅक पॉवर'. ती मानवी हक्कांची वंदना होती, असे स्मिथने पुढे आत्मचरित्रात सांगितले. कर्त्याचा हेतू आणि वाचकांचा अन्वयार्थ यांची अशी फारकत साहित्यात नेहमीची आहे. येथे तिची किंमत दोघांना चमूतून काढून परत पाठवले जाण्यात मोजावी लागली.

तिसरा माणूस होता रौप्यपदक मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन. त्याने हात उचलला नाही. छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला तेवढा लावला. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील विद्यापीठात या प्रसंगाचे शिल्प उभारले गेले, तेव्हा नॉर्मनच्या इच्छेनुसार त्याचा चौथरा रिकामा ठेवण्यात आला. येणाऱ्याजाणाऱ्याने तेथे उभे राहावे असा त्यामागचा विचार होता. वाचकासाठी संहितेत ठेवलेल्या रिक्त जागांची जी चर्चा आपण पदव्युत्तर वर्गांत करतो, तिचे इतके स्थूल आणि इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

कॉलिन केपर्निक या अमेरिकी फुटबॉलपटूची कृती २०१६ ची. पोलिसांकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांच्या निषेधार्थ तो प्रथम राष्ट्रगीताच्या वेळी नुसता बसून राहिला. नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलणे झाल्यावर त्याने बसणे सोडले आणि १ सप्टेंबर २०१६ पासून एक गुडघा टेकला. शहीद सैनिकाच्या थडग्यापुढे सोबती गुडघा टेकतात, म्हणून या मुद्रेत आदर आहे, हा त्यामागचा विचार. म्हणजे ही मुद्रा अवज्ञा आणि आदर यांची संमिश्र मुद्रा होती. त्या हंगामानंतर कोणत्याही संघाने त्याच्याशी करार केला नाही. वाद झाला तो गुडघ्याविषयी. पोलिसांविषयी फार थोडा.

या दोन्ही कृतींचे व्याकरण एकच आहे. राष्ट्रगीताने सर्वांना एक मुद्रा नेमून दिलेली असते : ताठ उभे राहणे. ती मुद्रा सर्वांना आधीपासूनच उपलब्ध असते. निषेधकर्ता उपलब्ध असलेली मुद्रा नाकारतो आणि त्या विचलनातून अर्थ निर्माण होतो. अपेक्षित रूपबंध नसेल तर विचलनही नाही, हे शैलीविज्ञानाचे प्राथमिक सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते. परंतु ज्या समाजात एका मोठ्या वर्गाला सर्वांबरोबर, सर्वांच्या ओळीत, ताठ उभे राहण्याची मुभाच नव्हती, त्या समाजात काय होते?

येथे पालघरकडे यावे लागते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी आसपासच्या गावांतून निघालेला जमाव पालघरच्या कचेरीवर तिरंगा फडकवण्यासाठी आला. गोळीबारात काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण मृत्यू पावले. ध्वजापुढे ताठ उभे राहणे हीच त्या दिवशी अवज्ञा होती. पाच वर्षांनी, स्वातंत्र्य आल्यावर, तीच कृती शिस्त झाली. एकाच ध्वजापुढची एकच देहमुद्रा. संकेतव्यवस्था पालटताच तिचा अर्थ पालटला. ध्वजाच्या चिन्हात अवज्ञेचा हा जुना थर आहे आणि या पट्ट्यातील माणसाच्या स्मरणात तो हुतात्मा चौकाच्या रूपाने शिल्लक आहे. राष्ट्रचिन्हाचा निषेध करू पाहणाऱ्याला येथे एका निषेधाचाच निषेध करावा लागतो, ही अडचण अमेरिकेपेक्षा निराळी आहे.

रेल्वेच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे, किनाऱ्याकडून डोंगराकडे गेले की दुसरी घटना भेटते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगार व लग्नगडीची पद्धत यांविरुद्धचा लढा पेटला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने त्याच ठाणे जिल्ह्यात पाच आणि पाच माणसे दोन निरनिराळ्या ध्वजांखाली पडली : एक तिरंगा, दुसरा लाल बावटा. (पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तोवर हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता.) या दुसऱ्या घटनेची संहिता म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक. त्याचे वाचन बहुधा चळवळीचा दस्तऐवज म्हणून होते, आणि साहित्य अकादमीच्या पुरस्कारानंतरही ती सवय गेलेली नाही. पुस्तकाच्या शीर्षकातले क्रियापद देहाचे आहे, ही साधी गोष्ट त्या वाचनात निसटते. वेठ म्हणजे देहावरची सत्ता. मालकाने हाक मारली की हातातले काम टाकून जायचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आपले देहच गहाण टाकायचे. अशा माणसाचा पहिला विद्रोह म्हणजे मान वर करून उभे राहणे आणि 'येत नाही' म्हणणे. बसणे, वाकणे, टेकणे या मुद्रा त्याच्याकडून आधीच वसूल केलेल्या होत्या. निषेधासाठी त्याच्याजवळ एकच मुद्रा शिल्लक होती, आणि ती उभे राहण्याची होती.

हीच गोष्ट 'जोहार' या शब्दाच्या इतिहासातही दिसते. महारांनी इतरांना करावयाचा जोहार हा वाकलेल्या देहाचा शब्द होता. चोखामेळ्याच्या नावावरच्या अभंगांत तो आहे, आणि आंबेडकरी चळवळीने तो टाकून 'जय भीम' स्वीकारला. आदिवासी संघटनांनी मात्र हाच शब्द अभिमानाचे अभिवादन म्हणून उचलला आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला तो पालघर भागात मोठ्याने उच्चारला जातो. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने ताठ मानेने घेतला. चिन्ह तेच, पण त्यामागचा देह निराळा. देहाचा इतिहास बाजूला ठेवून चिन्हाचा अर्थ लावता येत नाही, याचे याहून चांगले प्रमाण मला ठाऊक नाही.

आता खेळाकडे. अस्पृश्य मानलेल्या जातीतून आलेल्या पळवणकर बंधूंची कहाणी रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या इंग्रजी ग्रंथामुळे पुन्हा चर्चेत आली. थोरला बाळू हा त्या काळातला हिंदुस्थानचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. मैदानावर तो इतरांचा बरोबरीचा, पण चहाच्या वेळी तो मंडपाबाहेर आणि त्याचा चहा वेगळ्या, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. गुणवत्ता उघड असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूला वगळले गेले आणि कर्णधारपदाच्या बाबतीतही जातीचाच विचार झाला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतले व आपली कारणे जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. हिंदुस्थानातील खेळाडूंनी सामाजिक अन्यायाविरुद्ध केलेल्या उघड निषेधाचे हे फार जुने आणि फार स्पष्ट उदाहरण आहे. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला.

या निषेधाचे रूप नीट पाहावे. भावांनी मैदानात कोणतीही मुद्रा धारण केली नाही; ते मैदानातून निघून गेले आणि त्यांनी लिहिले. त्यांची मागणी संघ मोडण्याची नव्हती. त्याच संघात, त्याच ओळीत, आणि योग्यता असेल तर ओळीच्या अग्रभागी उभे राहण्याची होती. विठ्ठल पळवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनाचा इतिहास आपण 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून, सांगत आलो आहोत. त्याच्या तीस वर्षे आधीचे हे पुस्तक त्या इतिहासात सहसा धरले जात नाही, कारण आपण ते 'क्रीडाविषयक' या कप्प्यात टाकले. गुहांसारख्या इतिहासकाराला त्याचा आधार घ्यावासा वाटला. मराठी समीक्षकाला ते आपल्या क्षेत्रातले वाटले नाही. वेदना आणि विद्रोह यांच्या ठरावीक स्वरात जे लिहिलेले नाही ते आपल्या कानांना ऐकू येत नाही, अशी शंका यावरून घेता येईल. खेळाडूचा संयत स्वर हा जातिभानाचा अभाव मानण्याची घाई आपण करतो.

१९७२ चा लेख मात्र कोणालाही न ऐकणे शक्य नव्हते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' प्रसिद्ध झाला. मराठीत राष्ट्रचिन्हाला थेट भिडणारी याहून तीव्र गद्य संहिता नाही. लेखाचा गाभा एका तुलनेत होता : राष्ट्रध्वजाच्या अवमानाला तीनशे रुपये दंड, आणि दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला पन्नास रुपये. ध्वजाविषयी त्यांनी वापरलेले शब्द येथे पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही. ते शब्द हीच लेखाची ओळख होऊन बसली आणि दंडाचे दोन आकडे बाजूला पडले. केपर्निकच्या बाबतीत पुढे जे घडले तेच येथे चव्वेचाळीस वर्षे आधी घडलेले होते. वास्तविक लेखाची खरी युक्ती त्या आकड्यांत आहे. ढाले प्रतिमा वापरत नाहीत. ते कायद्याने ठरवलेल्या दोन किमती शेजारी शेजारी मांडतात. चिन्हाची किंमत आणि देहाची किंमत. चिन्हाने ज्याचे प्रतिनिधित्व करावयाचे तो देह चिन्हाहून स्वस्त निघतो, हे दाखवायला त्यांना अलंकाराची गरज पडत नाही.

त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव अमेरिकेतील १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते. येथे देशीवादी समीक्षेचा आक्षेप आठवतो : उसने घेतलेले ते पोकळच राहणार. दुबईतला गुडघा पाहून हा आक्षेप खरा वाटू लागतो. परंतु पँथरचे काय? म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी १९७० च्या दशकात त्यावर ग्रंथ लिहिला, आणि नामदेव ढसाळांच्या पिढीने त्या ओळखीतून जे घेतले ते गोलपिठ्याच्या बोलीत मुरवून घेतले. नाव परके होते, पण ज्या अन्यायाला ते लावले तो अन्याय घरचा होता, तारखेसह आणि गावाच्या नावासह. म्हणून उसनवारी हा दोष मानता येत नाही. उसन्या चिन्हाला आपला चिन्हित मिळतो की नाही, एवढाच प्रश्न विचारावा लागतो.

यानंतर ज्या संहितेकडे वळायचे आहे ती 'फँड्री', नागराज मंजुळे यांचा २०१३ चा चित्रपट. राष्ट्रगीत आणि जातीचा अन्याय यांना एका चौकटीत आणणारी एवढी समर्थ मराठी कृती दुसरी नाही. कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, वरच्या जातीतल्या शालूवर त्याचे मन आहे, आणि गावाच्या जत्रेपूर्वी गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबावर येते. शाळेच्या परिसरात, वर्गमित्रांच्या देखत, हे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते. डुक्कर आता हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर त्यांच्या समोरून शांतपणे चालत निघून जाते.

या प्रसंगाला उपरोध म्हणून आपण मोकळे होतो. प्रेक्षकगृहात हशा येतो आणि पाठोपाठ हशा आल्याची लाज येते, ही प्रतिक्रिया सर्वपरिचित आहे. पण उपरोध म्हणजे नेमके काय? राष्ट्रगीताची आज्ञा ही त्या गावातली सर्वांना सारखी लागू होणारी बहुधा एकमेव आज्ञा आहे. बावन्न सेकंदांपुरते पाहणारे आणि ज्यांच्याकडे पाहिले जात आहे ते एकाच मुद्रेत आहेत. जब्याला जी समता हवी आहे ती त्याला या बावन्न सेकंदांत मिळते, आणि ती स्तब्धतेच्या रूपात मिळते. मुद्रा सर्वांची सारखी आहे. तिची किंमत सारखी नाही. शाळेतल्या मुलांचे उभे राहिल्याने काही जात नाही. कचऱ्याच्या कुटुंबाचे डुक्कर जाते, म्हणजे सारी मेहनत जाते, आणि राष्ट्रगीत संपल्यावर ती विटंबना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. समान आदराचा असमान खर्च हा या दृश्याचा आशय आहे, आणि तो सांगण्यासाठी कुटुंबातल्या कोणालाही आज्ञा मोडावी लागत नाही. केपर्निकने मुद्रा नाकारून जे दाखवले ते कचरू मुद्रा पाळून दाखवतो. ढाल्यांच्या लेखातले दोन आकडे येथे दोन देह झाले आहेत.

कचरूला उभे न राहण्याचा पर्याय होता का? हा प्रश्न विचारताच अमेरिकी व्याकरण का तुटते ते दिसते. केपर्निकजवळ उभे राहणे आधीपासून होते, म्हणून ते तो टाकू शकला. कचरूला सर्वांच्या ओळीत उभे राहायला मिळते ते याच क्षणी. तो गुडघ्यावर बसला असता तर ती त्याची रोजचीच मुद्रा ठरली असती. कोणाच्या लक्षातही आले नसते.

प्रेक्षकाची जागाही पाहावी. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाच्या आधी राष्ट्रगीत वाजत आले. २०१४ मध्ये 'फँड्री' पाहायला आलेला प्रेक्षक एकदा उभा राहून, मग खुर्चीत बसून, पडद्यावर त्याच गीतासाठी उभे राहिलेल्यांना पाहत होता. तो बसलेला असल्यामुळेच तो गावातल्या बघ्यांच्या बाजूला जातो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत देशभर बंधनकारक केले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी असा खुलासा केला की चित्रपटाच्या कथानकात राष्ट्रगीत आले तर प्रेक्षकांनी उभे राहण्याची गरज नाही. आणि ९ जानेवारी २०१८ रोजी मूळ सक्तीही काढली. यातला मधला खुलासा काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कथेतले राष्ट्रगीत हे राष्ट्रगीत नव्हे, त्याचे अनुकरण होय, असा निर्वाळा त्यात अनुस्यूत आहे. 'फँड्री'तले ते दृश्य नेमके या भेदावर दाब देते : पडद्यावरच्या माणसांसाठी ते गीत खरे आहे, आपल्यासाठी अनुकरण आहे, आणि चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड मात्र आपल्याच दिशेने येतो.

न्यायालयांचा विषय निघालाच आहे तर १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्याची आठवण करून द्यावी. केरळातील तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. देह उभा, कंठ मौन. आपल्याकडे मान्यता मिळालेली असहमतीची ही एकमेव मुद्रा, आणि तीही उभ्या देहाचीच आहे.

या पार्श्वभूमीवर दुबईकडे परत जाता येईल. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी राष्ट्रगीते रीतसर झाली होती, सर्व जण रीतसर उभे होते. गुडघा नंतर टेकला गेला. राष्ट्रगीताला त्याचा स्पर्शही झाला नाही. हा निर्णय व्यवस्थापनाकडून कळवण्यात आला होता, असे कर्णधार विराट कोहली याने सामन्यानंतर सांगितले. म्हणजे मूळ मुद्रेतले विचलन गेले, धोका गेला आणि आज्ञापालन उरले. दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने आपल्या खेळाडूंना गुडघा टेकण्याची सक्ती केली, तेव्हा क्विंटन डी कॉक याने सामन्यातूनच माघार घेतली. नंतर त्याने आपली भूमिका बदलली. त्याच्या कृतीचे समर्थन करण्याचे येथे प्रयोजन नाही. पण निषेधाची मुद्राच आज्ञा झाली की अवज्ञेची जागा दुसरीकडे सरकते, हे त्या प्रसंगाने दाखवले. विधी आणि निषेध यांच्यातले अंतर दोन दिवसांत मिटले.

भारतीय गुडघ्याला चिन्हित नव्हता असे म्हणावे, तर तो नव्हता असेही नाही. त्याच वर्षी जानेवारीत सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी महंमद सिराजच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याच कसोटीत प्रेक्षकांकडून त्याला वर्णद्वेषी शिवीगाळ झाली. खेळ थांबवून काही प्रेक्षकांना बाहेर काढावे लागले. (शार्दूल ठाकूरचे ब्रिस्बेनचे ६७ धावा आणि सात बळी हे त्यानंतरच्या कसोटीतले. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात काही काळ शिकलेला आणि पुढे पालघरहून लोकलने मुंबईच्या मैदानांवर जात राहिलेला हा खेळाडू त्या आठवड्यात साऱ्या देशाचा झाला.) ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात महिला हॉकी संघ हरला, तेव्हा रोशनाबादला वंदना कटारिया हिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिव्या देण्यात आल्या, चारच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते. म्हणजे चिन्हित घरात होता, ताजा होता. पँथरने १९७२ मध्ये जे केले ते करण्याची, उसन्या चिन्हाला घरचा अर्थ देण्याची संधी येथे होती. गुडघा टेकताना कोणी कटारियाचे नाव घेतले नाही. त्यामुळे तो गुडघा दूरच्या अन्यायासाठी टेकलेला, आणि म्हणून सोयीचा, राहिला.

मात्र कटारियाच्या बाबतीत सारे गप्प होते असे नाही. तिची कर्णधार राणी रामपाल हिने घडल्या प्रकाराचा जाहीर निषेध केला. जातिवाचक बोलणे थांबवा, आम्ही देशासाठी खेळतो, असे कटारियाने स्वतः सांगितले. आणि २४ ऑक्टोबरचा सामना भारत हरल्यावर महंमद शमीवर त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांतून गरळ ओकली गेली, तेव्हा त्याच कोहलीने ३० ऑक्टोबरच्या पत्रकार परिषदेत, धर्मावरून कोणावर हल्ला करणे हे माणसाने करावे असे सर्वांत हीन कृत्य आहे अशा आशयाचे उद्गार काढले. ते कोणी कळवलेले वाटत नव्हते, आणि त्यांचा रोख आपल्याच प्रेक्षकांकडे होता. १९२० चे निवेदन, १९७२ चा लेख, २०२१ मधली ही तीन विधाने : आपल्याकडे खेळाडूचा आणि लेखकाचा निषेध पुन्हा पुन्हा शब्दांत आला आहे, आणि देह ओळीत उभाच राहिला आहे. याला भित्रेपणा म्हणण्याआधी, त्या ओळीत उभे राहण्यासाठी पळवणकरांना जे करावे लागले ते 'माझे क्रीडा-जीवन' मध्ये वाचावे लागेल. आणि कटारियाच्या विधानातला 'देशासाठी' हा शब्द ती निष्ठेची ग्वाही म्हणून उच्चारते की हक्काचा दावा म्हणून, हे ठरवताना तिच्या घरासमोरचे फटाके ऐकू यावे लागतील.